वाकीची उत्तरपूजा

१

रविवार उजाडला की शिरीष माहुलकर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायचा, मेटल डिटेक्टर गाडीच्या डिकीत टाकायचा आणि नीउ-व्हेनेप या डच गावातल्या घरून उत्तरेकडे सुटायचा. आठवडाभर बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या माणसानं रविवारी शेतं धुंडाळावीत, याचं त्याच्या मित्रांना हसू यायचं. सहा वर्षांत त्याला बिअरच्या बाटल्यांची झाकणं, ट्रॅक्टरचे बोल्ट, गाईच्या कानातला एक बिल्ला आणि कुण्या सैनिकाच्या कोटाचं बटण सापडलं होतं. बटण त्यानं फ्रेम करून जिन्यात लावलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बघावंच लागायचं.

मार्चमधल्या त्या रविवारी सुरेखा बरोबर आली ती केवळ कंटाळा आला म्हणून. ईशानी, त्यांची एकुलती एक, शिकायला ग्रोनिंगनला गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. शेत एका बीटवाल्या शेतकऱ्याचं होतं. त्याची परवानगी मिळवायला शिरीषनं त्याच्या स्वयंपाकघरात बसून किती कडू कॉफ्या रिचवल्या होत्या ते त्याचं त्यालाच ठाऊक. नांगरून पडलेली निळसर चिकणमाती, वर राखाडी आभाळ आणि अंगात शिरणारा वारा. अर्ध्या वाफ्यानंतर शिरीषनं थर्मास उघडायला घेतला आणि मशीन तिच्या हातात दिलं. नुसतं धरून उभी राहा, म्हणाला.

ती नुसती उभी राहिली असती तर पुढचं काही झालंच नसतं. तिनं गंमत म्हणून ते इकडून तिकडे फिरवलं आणि मशीन असं गायला लागलं की शिरीषच्या हातातला चहा बुटावर सांडला. सहा वर्षांत त्यानं तो सूर एकदाही ऐकला नव्हता.

फुटलेल्या मातीच्या भांड्यात चांदी होती. नाणी, तुकडे, तारा, सगळं काळंकुट्ट. सुरेखा मटकन खाली बसली आणि लहान मुलीसारखी हसायला लागली. तिनं त्याला मिठी मारली तेव्हा तोही हसला. मग ती शेतकऱ्याला बोलवायला बांधावरून धावत गेली आणि शिरीष खड्ड्यापाशी एकटा राहिला. भांड्याच्या तळाशी बोट घातल्यावर त्याला एक वेटोळं लागलं. अख्खं, जाड, पीळ दिलेलं. त्यानं ते जाकिटाच्या आतल्या खिशात टाकलं. हा सूर आपल्यासाठी होता, असं काहीतरी त्या क्षणी त्याच्या मनात आलं आणि ते त्याला पटलंही.

२

संग्रहालयातर्फे मरायका नावाच्या उंच, स्पष्टवक्त्या बाई आल्या. त्यांनी सगळी चांदी ट्रेमध्ये मांडून दाखवली. हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. अरबी अक्षरांची नाणी होती, फ्रँक लोकांच्या पट्ट्यांची नक्षी होती, उत्तरेकडच्या दर्यावर्दींच्या कड्यांचे तुकडे होते आणि काही पीळ असे होते की ते कुणाच्याच पद्धतीचे नव्हते. मग हे कुणाचं म्हणायचं, असं सुरेखानं विचारलं. मरायका खांदे उडवून म्हणाल्या, माहीत नाही. इथलाच कुणी फ्रिशियन म्हणा, उत्तरेचा डेन म्हणा, की मधलाच कुणी. आमच्यात यावरून दोन तट आहेत आणि दोघांकडेही पुरावा नाही.

एवढं मात्र त्यांनी सांगितलं, की सगळी चांदी तोडलेली आहे, अख्खा दागिना एकही नाही. शिरीष तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

पुढे जे झालं ते कोणत्याही नवऱ्याला जड गेलं असतं, आणि शिरीषचं मन तसं मोठं नव्हतंच. स्थानिक पेपरात सुरेखाचा फोटो आला, हातात त्याचा डिटेक्टर घेऊन. रेडिओवर तिची मुलाखत झाली. डिसेंबरमध्ये प्रदर्शन लागणार होतं आणि काचेच्या पेटीखाली शोधक म्हणून सुरेखा माहुलकर असं नाव येणार होतं. ईशानीनं तिच्या सगळ्या मित्रमंडळींना लिंक पाठवली. "माय मॉम इज अ लेजंड," असं तिनं वर लिहिलं होतं. बाबाचा उल्लेख नव्हता. तिला त्यात काही वावगं वाटलं नसणार, आणि हेच शिरीषला लागलं.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी हूफडॉर्पच्या सभागृहात मराठी मंडळानं तिचा सत्कार केला. अध्यक्ष नीळकंठ देवस्थळी बोलायला उभे राहिले की बसायचं विसरतात. वहिनींनी परदेशाच्या मातीतून लक्ष्मी वर काढली, वगैरे त्यांनी पुष्कळ सांगितलं. सुरेखाला शाल-श्रीफळ दिलं. फोटोसाठी तिला हात मोकळे हवे होते, म्हणून शिरीष व्यासपीठाखाली तिची पर्स, तिचा कोट आणि तो नारळ घेऊन उभा होता. शेजारचा कुणी नवखा मुलगा त्याला म्हणाला, काका, तुम्हीपण गेला होतात का त्या वेळी?

 घरी येताना सुरेखानं दोनदा विचारलं, काय झालं? दोन्ही वेळा तो म्हणाला, कुठे काय.

३

वेटोळं मागच्या शेडमध्ये सायकलच्या पंक्चरच्या डब्यात होतं. अधूनमधून तो ते काढून बघायचा. पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हाच त्याला वाटलं होतं, ही तर वाकी. आपल्याकडच्या बायका लग्नात दंडावर घालतात तसलीच, फक्त जाड आणि नक्षीवाचून. काळी पडलेली होती. घासायची त्याला भीती वाटायची, आणि त्याच्या दंडात ती जात नव्हती.

लक्ष्मीपूजनाला घरातलं सोनं-चांदी चौरंगावर ठेवायची पद्धत त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. वर्षभरात नवं काही आलं असेल तर ते हमखास. शिरीषला वाटलं, आलं आहेच की. कलशाखाली तांदळाची रास घालायची असते, त्या राशीत त्यानं वाकी पुरली आणि वर कलश ठेवला. आता ती पूजेतही होती आणि सुरेखाला दिसतही नव्हती.

पूजा फोनवर चालायची. पुण्याच्या एका गुरुजींनी रेकॉर्ड करून ठेवलेली, सावकाश, मध्ये थांबून. संकल्प झाला आणि नेमका सुरेखाचा फोन वाजला. सोलापूरच्या कुठल्याशा दैनिकाला तिच्याशी बोलायचं होतं. पाचच मिनिटं, असं खुणावून ती वर गेली. तिचा हसरा आवाज जिन्यातून खाली येत राहिला.

गुरुजी म्हणाले, आता आवाहन. अक्षता वाहाव्यात आणि देवतेला मनोभावे बोलवावं. शिरीषनं अक्षता उचलल्या. त्याच्या मनात लक्ष्मी नव्हती. वरच्या खोलीतलं ते हसणं होतं, व्यासपीठ होतं, नारळ होता. त्याच्या मनात आलं ते असं: हे ज्याचं कुणाचं असेल त्यानं यावं. माझ्याकडे यावं. तिच्याकडे नको.

आणि त्यानं अक्षता वाहिल्या.

गुरुजी म्हणाले, पत्नीनं यजमानांच्या हाताला हात लावावा. शिरीषच्या उजव्या कोपराला हात लागला. गार होता, भांडी घासून आल्यासारखा. आली एकदाची, असं त्याच्या मनात आलं. रागानं त्यानं मान वळवली नाही. गंध, फूल, धूप, दीप, सगळं होईपर्यंत तो हात तिथेच होता. नैवेद्याला पाणी सोडताना मात्र त्याला सुरेखाचा आवाज ऐकू आला. ती वर अजून फोनवर होती आणि आपण डिटेक्टर कसा धरला ते सोलापूरला समजावून सांगत होती.

त्यानं वळून पाहिलं. शेजारचा पाट रिकामा होता. मध्येच येऊन गेली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मोज्यांमध्ये पावलं वाजत नाहीत, हेही सांगितलं.

४

ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करायची, पुन्हा अक्षता वाहायच्या, मांडलेलं जागेवरून जरासं हलवायचं आणि म्हणायचं, आता स्वस्थानी जावं, पुन्हा बोलावू तेव्हा यावं. माहुलकरांकडे हे काम सुरेखाचं. पण ती उठायच्या आत राशीतून वाकी काढायला हवी होती, नाहीतर सगळंच उघडं पडलं असतं. शिरीष अंधारातच खाली उतरला, कलश उचलला, वाकी काढून शेडमध्ये नेऊन ठेवली. सुरेखानं नंतर शास्त्रोक्त उत्तरपूजा केली. लक्ष्मी गेली. वाकीला कुणी निरोप दिला नाही, हे त्या वेळी शिरीषच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळी सरली. फराळाचे डबे ऑफिसात रिकामे झाले. एका सकाळी सायकलचं पंक्चर काढायला त्यानं डबा उघडला आणि वाकी हातात घेतली. आतल्या बाजूनं ती पांढरी झाली होती.

चांदीचं एक आहे, आणि ते कुठल्याही घरात माहीत असतं. डब्यात ठेवलेली चांदी काळी पडते. रोज अंगावर असली की घामानं, घासून घासून उजळ राहते. शिरीषची आई पैंजणांबद्दल हेच सांगायची. शिरीषनं विचार केला, डबा हवाबंद असेल. तांदळाचा काही परिणाम असेल. त्यानं त्यावर इंटरनेटवर बरंच वाचलं, आणि वाचून त्याचं समाधान झालं.

पुढच्या आठवड्यात बाहेरची बाजूही उजळली.

मंगळवारी आणि गुरुवारी तो घरून काम करायचा. सुरेखा बाडहूव्हडॉर्पला एका मालवाहतूक कंपनीत होती, ती सातलाच बाहेर पडायची. घरात हीटिंगचा बारीक आवाज, शेजाऱ्यांचा कुत्रा आणि डोक्यावरून जाणारी विमानं, एवढंच. त्यात एक आवाज नवा आला. खालून, स्वयंपाकघरातून. ओट्याच्या दगडावर काहीतरी टेकल्याचा. टक्, मग जरा वेळानं पुन्हा टक्. मीटिंग म्यूट करून तो ऐकत बसायचा. तो आवाज त्याला ओळखीचा वाटायचा, पण आठवायचा नाही. एका गुरुवारी आठवला. कणीक मळताना बांगडी ओट्यावर आपटते, तो आवाज.

खाली जाऊन बघितलं तर ओटा कोरडा होता. त्यानं हीटिंगवाल्याला फोन लावला. हीटिंगवाल्यानं येऊन पाइपात हवा असल्याचं सांगितलं, आणि हवा काढून गेला.

५

शर्टाचं सुरेखाच्या लक्षात आलं. ती मशीन लावताना शिरीषचा निळा शर्ट उलटासुलटा करत होती. उजव्या बाहीवर, कोपरापाशी मातीचे डाग होते. रविवारी शेतात गेला होतास का, तिनं विचारलं. तो गेला नव्हता, सत्कारानंतर त्यानं डिटेक्टरला हात लावला नव्हता. दुसरा शर्ट निघाला, त्याच्यावरही तेच. तिनं तो प्रकाशात धरला. चार डाग एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला.

"शिरीष, हा हात आहे कुणाचातरी," ती म्हणाली.

तो हसला. पण ती हसली नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याकडे निराळ्याच नजरेनं बघू लागली. घरून काम कधी असतं, कोण येतं, हे आडून आडून विचारू लागली. त्याचा फोन वाजला की तिची मान वर व्हायची. एकदा ती ऑफिसातून मधल्याच वेळी परत आली, छत्री विसरले म्हणून, आणि बाहेर ऊन होतं.

खरं सांगायचं तर शिरीषला हे सुखाचं वाटलं. कित्येक महिन्यांनी सुरेखा त्याच्याकडे बघत होती. पेपरवाले, मंडळ, प्रदर्शन, सगळं बाजूला पडलं होतं आणि ती त्याच्यावरून जळत होती. होऊ दे, तिलाही कळू दे, असं त्याच्या मनात आलं. कॉलरचं बटण लावताना तो शीळ घालायला लागला. कामाला बसला की कोपराशी गारवा यायचा, आणि त्याची त्याला एव्हाना सवय झाली होती. कधी कधी तो मुद्दाम हात खुर्चीच्या दांडीवर तसा ठेवायचा.

सुरेखा आता पलंगावर भिंतीच्या बाजूला सरकून झोपायची. आपली नेहमीची जागा गार पडते, म्हणाली. दुपारी कुणी लोळून उठल्यासारखी ओलसर लागते. मग ती ईशानीच्या खोलीत झोपायला गेली. जाताना दारात थांबून तिनं एवढंच विचारलं, की मी इथे नकोय का तुला? त्यानं असं काही नाही म्हणून सांगितलं आणि कूस बदलली.

६

नोव्हेंबरच्या शेवटी सुरेखा जिन्यावरून पडली. डच जिना, म्हणजे शिडीच म्हणा. शिरीष वर कामात होता. आवाज ऐकून धावला तर ती खालच्या पायरीशी, फ्रेम केलेल्या बटणाच्या काचांमध्ये बसली होती. पाय धड होता. डावा दंड मात्र तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"तू ओढलंस मला," ती म्हणाली.

अगं, मी वर होतो, तो म्हणाला. ते तिलाही दिसत होतं. ती बराच वेळ जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, चढताना दंडाला धरून कुणीतरी मागे खेचलं. पुढे ढकललं नाही, मागे खेचलं, घरातून बाहेर काढताना खेचतात तसं.

हाउसआर्ट्सनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, दंड दाबून पाहिला आणि पॅरासिटामोल घ्यायला सांगितलं. पाय मुरगळला तरी तेच, न्यूमोनिया झाला तरी तेच, त्यामुळे त्याचं दोघांनाही नवल वाटलं नाही. पण घरी येऊन तिनं स्वेटर काढला तेव्हा शिरीषनं दंड पाहिला. दंडाभोवती, देवीच्या लशीच्या जुन्या वणाच्या जरा वर, सगळीकडून सारखा, जाड, पीळ दिलेला वळ होता. घट्ट दागिना घातल्यावर कातडीत उमटावा तसा.

तो शेडमध्ये गेला. डबा उघडला. वाकी लखलखत होती. उचलली तेव्हा त्याला कळलं, ती कोमट आहे. नोव्हेंबरमधल्या शेडमध्ये, लोखंडी डब्यात ती चांदी आत्ताच कुणाच्यातरी अंगावरून उतरवल्यासारखी कोमट होती. इतके दिवस जमवून आणलेली सगळी कारणं एकदम गळून पडली, आणि शिरीषला पहिल्यांदा खरी भीती वाटली. स्वतःची नव्हे. तिच्याकडे नको, असं आपणच म्हटलं होतं, हे त्याला आठवलं.

७

शुक्रवारी मरायकांचा मेल आला. प्रदर्शनाच्या तयारीत भांड्याच्या तळाची माती साफ केली, तिच्यात एका अख्ख्या वेटोळ्याचा ठसा निघाला आहे, वेटोळं मात्र कुठेच नाही. खड्ड्यात पुन्हा शोधायला हवं, तुम्ही दोघं याल का? सुरेखानं मेल मोठ्यानं वाचून दाखवला. वाचता वाचता तिचा हात आपसूक स्वतःच्या दंडावर गेला.

शिरीषनं शेडमधून डबा आणून तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. खिसा, तांदूळ, आवाहन, सकाळी अंधारात काढलेली वाकी. मनात काय म्हटलं होतं तेही सांगितलं. 

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिनं वाकीला हात न लावता डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "एवढंच होतं तर मला सांगायचंस. तुझं नाव लाव म्हटलं असतं मी त्यांना. मला काय करायचं होतं रे त्या पेटीचं?"

 ती डोळे पुसून उठली. तिच्यातली घरातली सुरेखा जागी झाली होती, जिला उरलेलं काम उरलेलं ठेवलेलं चालत नाही. कुणाला बोलावलंस हे तुला माहीत नाही, ती म्हणाली, त्या मरायकालाही माहीत नाही. पण बोलावलंस आणि जा म्हटलं नाहीस. मग ते बसलंय. उद्या उत्तरपूजा करू आणि सोमवारी वाकी संग्रहालयात देऊन टाकू. जिथली तिथे.

शिरीष हो म्हणाला. त्या रात्री ती परत त्यांच्या खोलीत झोपायला आली. तिचा हात त्याच्या हातात होता. तो ऊबदार होता, आणि कितीतरी दिवसांनी शिरीषला गाढ झोप लागली.

८

शनिवारी दुपारी त्यांनी हॉलमध्ये चौरंग मांडला. ताम्हनात तांदूळ, तांदळावर वाकी. पडद्याआडून येणाऱ्या फिकट उजेडात ती एकटीच चमकत होती. सुरेखा आंघोळ करून, दंडावरचा वळ पदरानं झाकून त्याच्या उजवीकडे पाटावर बसली. तिनं त्याच्या कोपराला हात लावला. तळवा गरम होता. शिरीषनं त्याच्यावर आपला डावा हात ठेवून क्षणभर दाबला.

"मनापासून म्हण हं," ती हळूच म्हणाली. "नुसतं तोंडानं नको."

फोनवर गुरुजी सुरू झाले. शिरीषनं डोळे मिटले, ओंजळीत अक्षता घेतल्या. जे कोणी आले असाल त्यांनी आता आपल्या ठिकाणी जावं, तो मनात म्हणू लागला. त्याला खरंच तसं वाटत होतं. आपल्या ठिकाणी, म्हणजे कुठे? त्याच्या डोळ्यांपुढे काचेची पेटी आली. मखमलीवर ही वाकी, अख्खी, सगळ्यांत मधोमध. पेटीपुढे लोक वाकून बघताहेत. आणि खाली पट्टी, शोधक, सुरेखा माहुलकर.

म्हणजे हीसुद्धा तिलाच.

एवढंच त्याच्या मनात आलं. आलं आणि गेलं, पापणी लवावी इतक्यात. पण अक्षता सुटल्या त्या नेमक्या त्याच वेळी. मग त्यानं चाचपडत ताम्हन उत्तरेकडे बोटभर सरकवलं.

कोपरावरचा हात उचलला गेला. आधी बोटं, मग तळवा, अगदी हलके. शिरीषच्या छातीवरचं ओझं उतरलं. गेलं, त्याला वाटलं, गेलं एकदाचं. झालं गं, असं तो डोळे मिटूनच म्हणाला. फोनवर गुरुजींनी शांतिपाठ संपवला आणि थांबले.

त्यानं डोळे उघडले. शेजारचा पाट रिकामा होता. पाटावर काही अक्षता पडल्या होत्या, कुणी त्यांच्यावर बसलंच नसल्यासारख्या मोकळ्या. ताम्हनातल्या तांदळात गोल खळगा होता आणि वाकी नव्हती.

"सुरेखा," त्यानं हाक मारली. तिचा कोट खुंटीवर होता. चपला दारात होत्या. पुढच्या दाराची आतली कडी लावलेली होती, ती त्याला बसल्या जागेवरून दिसत होती. त्यानं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं, वर जिन्याकडे तोंड करून. घर मोठं नव्हतं. हाक सगळीकडे पोचत होती.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्. ओट्याच्या दगडावर. पाणी उकळायला लागलं. आलं ठेचल्याचा वास आला, सुरेखाच्या चहासारखा, फक्त त्याच्यात नांगरलेल्या मातीचा वास मिसळलेला होता. शिरीष पाटावरून अर्धा उठला आणि परत बसला. अर्धवट उघड्या दारातून एक हात बाहेर आला. त्यानं कप अगदी बेतानं उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवला. बोटांना निळसर चिकणमाती होती. कोपराच्या वर वाकी होती, आणि ती त्या दंडात अशी घट्ट बसली होती की तिच्याभोवतीची कातडी फुगून वर आली होती. त्या कातडीवर, वाकीच्या खाली, सुरेखाचा देवीच्या लशीचा वण होता.

दार लोटलं गेलं. शिरीष चौरंगाकडे तोंड करून बसून राहिला. मागे वळायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं. शेजारचा पाट हलकेच करकरला आणि उजव्या कोपराला हात लागला. आता तो गार नव्हता. ऊबदार होता, रात्री त्याच्या हातात होता तितकाच.

चौरंगाजवळचा फोन थरथरायला लागला. पडद्यावर ईशानीचं नाव होतं, खाली तिचा हसरा फोटो. शनिवारी दुपारी ती नेहमीच करायची. शिरीषनं फोनकडे हात नेला.

कोपरावरची पकड घट्ट झाली.

त्यानं हात मागे घेतला. पकड सैल झाली आणि अंगठा त्याच्या बाहीवरून मायेनं फिरत राहिला. फोन वाजून वाजून थांबला. मग परत वाजायला लागला, आणि शिरीष त्या नावाकडे बघत मनातल्या मनात म्हणत राहिला, नको बाळा, इकडे येऊ नकोस.